झाकल्या मुठीचं व्याज

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात काजूचा हंगाम आणि हिशेबाच्या वर्षाचा शेवट एकाच वेळी येतात. साटेली-भेडशी, कोलझर, तळकट, झोळंबे या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चपासून बी पडायला लागते, एप्रिलमध्ये आवक भरात येते आणि मेअखेर पावसाच्या धास्तीने सगळं आवरतं घेतलं जातं. काजूप्रक्रिया करणाऱ्या कारखानदाराला पुढचं वर्ष चालेल एवढी बी या थोडक्या आठवड्यांत विकत घ्यावी लागते, उन्हात वाळवावी लागते आणि गोणींत भरून ठेवावी लागते. बागायतदाराला पैसे लगेच हवे असतात. कारखानदाराच्या हातात मात्र गर विकून पैसे यायला कित्येक महिने जातात. मधला खड्डा बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून भरला जातो. त्यामुळे या धंद्यात व्याज ही किरकोळ बाब राहत नाही. वर्षाअखेर काही उरणार की नाही, हे पुष्कळदा व्याजाचा दरच ठरवतो.

ऐन गर्दीत 31 मार्च येतो. गोदामात गेल्या हंगामाची शिल्लक बी असते, नव्याची थप्पी लागत असते, काही माल भाजून-फोडून सोलणीला गेलेला असतो, काही गर डब्यांत भरून तयार असतो. त्या दिवशी प्रत्येक गोणीला एक किंमत लावावी लागते. ती किंमत ताळेबंदात जाते, ताळेबंद बँकेत जातो आणि बँक त्यावरून ठरवते की या माणसाला किती पैसे द्यायचे आणि कोणत्या दराने. हिशेब लिहिण्याची पद्धत आणि पैशाची किंमत यांचा संबंध मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीत अर्थशास्त्रज्ञ तपासत आले आहेत. तोच संबंध काजूच्या गोदामात अगदी जवळून दिसतो.

गोणीची किंमत कशी ठरते

भारतात हिशेबाचे नियम ठरवण्याचं काम प्रामुख्याने इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया करते. ही संस्था 1949 च्या कायद्याने स्थापन झाली आणि तिने 1977 मध्ये लेखा मानकांसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं. पहिल्याच मानकात, म्हणजे एएस 1 मध्ये, हिशेबाची धोरणं निवडताना पाळायच्या गोष्टींत सावधगिरीला मानाची जागा आहे. तिचा अर्थ सरळ आहे: नफा हाती येईल अशी खात्री झाल्याशिवाय तो धरू नये, तोटा मात्र दिसू लागताच, नेमका आकडा कळला नसला तरी अंदाजाने का होईना, धरावा.

गोदामातल्या मालासाठी एएस 2 हे मानक आहे. मालाची खरेदी व त्यावरचा खर्च एका बाजूला मांडायचा, तो माल विकून खर्च वजा जाता निव्वळ काय सुटेल ते दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंपैकी जो आकडा कमी तो ताळेबंदात लिहायचा. भाव वाढला म्हणून गोणीची किंमत वाढवता येत नाही. पडला तर कमी करावीच लागते.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. एका कारखान्याने 100 टन बी किलोला 130 रुपयांनी घेतली. म्हणजे 1 कोटी 30 लाखांचा माल. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो असं धरू. भाजणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी, डबाबंदी आणि विक्री हा सगळा खर्च बीच्या किलोमागे 30 रुपये धरला, तर गराचा किलोचा पडता भाव 640 रुपये झाला. आता बीचा भाव 130 वरून 115 वर आला. लगेच माल कमी किमतीला लिहायचा का? नाही. एएस 2 इथे बारकाईने बघायला सांगतं. कच्च्या मालाचा भाव पडला, पण तयार गर 640 च्या वर विकला जाणार असेल, तर कच्चा माल खरेदीच्याच किमतीला ठेवायचा. गराचाच भाव 580 वर आला तर मात्र गोष्ट बदलते. किलोमागे 60 रुपये तोटा, 25 टन गरावर 15 लाख. हा तोटा गर विकला जाण्याची वाट न बघता आजच धरायचा. शंभर टन बीची किंमत 1 कोटी 15 लाख लिहायची.

भाव खरंच पडला होता की नाही, हे 31 मार्चला कळायचं कसं? एप्रिल-मेमध्ये माल प्रत्यक्षात काय भावाने गेला, ही बिलं त्याचा पुरावा ठरतात. मार्चअखेरची परिस्थिती काय होती हे नंतरच्या घडामोडींतून स्पष्ट होत असेल, तर ते लक्षात घ्यावं असं मानक सांगतं. शिवाय मालाचा कस असतो. मूठभर बी कापून बघितली की भरलेला गर किती, डागी किती, आकसलेला किती, पोकळ किती ते समजतं. नीट न वाळलेली बी गोदामात ओल धरते आणि तिचा गर काळवंडतो. जुन्या थप्पीतल्या पन्नास गोण्यांचा कस उतरला असेल, तर त्या नव्या गोण्यांच्या किमतीला लिहिणं म्हणजे नसलेला माल लिहिण्यासारखंच आहे.

पंधरा लाखांचा फटका आणि त्याचा मोबदला

सीसी खात्यातून किती पैसे उचलता येतील, त्याला बँकेच्या भाषेत डीपी (ड्रॉइंग पॉवर) म्हणतात. मालाच्या किमतीतून मार्जिन वजा करायचं, उरेल तेवढी उचल. मार्जिन 25 टक्के असेल, तर 1 कोटी 30 लाखांच्या मालावर 97 लाख 50 हजार मिळतात. माल 1 कोटी 15 लाखांचा लिहिला की उचल 86 लाख 25 हजारांवर येते. म्हणजे खरं लिहिणाऱ्या कारखानदाराचे सव्वाअकरा लाख ऐन हंगामात अडकले. नफा कमी दिसला तो वेगळाच. वाशीच्या ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून सहा महिने पैसे आले नाहीत, त्याच्याकडच्या येण्यासाठी तरतूद केली की नफा आणखी खाली येतो. तीन महिन्यांहून जुनी येणी तर बँक उचलीसाठी सहसा धरतच नाही.

मग सावधपणे हिशेब लिहिण्यात फायदा कोणता? तो समजण्यासाठी खुर्ची बदलून बँकेच्या बाजूने बघावं लागतं.

कर्ज देणाऱ्याची कमाई मर्यादित असते. कारखान्याला बंपर नफा झाला तरी बँकेला ठरलेलं व्याजच मिळतं, रुपयाही जास्त नाही. कारखाना बुडाला तर मात्र मुद्दलच जातं. म्हणून नफा किती वाढला याची बातमी बँकेला महिना उशिरा कळली तरी तिचं काही बिघडत नाही. तोटा लागला ही बातमी मात्र उशिरा कळली, तर वसुलीची वेळ निघून गेलेली असते. तारण शिल्लक असताना, मालकाने पैसे दुसरीकडे वळवण्याआधी, कर्जाची फेररचना शक्य असताना तिला ही बातमी हवी असते. सावध हिशेब नेमकं हेच करतो: वाईट बातमी वेळेवर पोचवतो आणि चांगल्या बातमीला पुराव्यासाठी थांबवतो.

जिथे अशी खात्री नसते तिथे बँक काय करते? ती हिशेब वाचते, पण त्यावर विश्वास ठेवत नाही. ताळेबंदात लिहिलेल्या 1 कोटी 30 लाखांना ती मनातल्या मनात एक कोटीच समजते. मार्जिन वाढवते, घराचं किंवा बागेचं जादा तारण मागते, जामीनदार मागते, आणि एवढं करूनही उरलेल्या अनिश्चिततेपोटी व्याजदरात थोडी भर घालते. झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो. बँकेच्या टेबलावर मात्र झाकली मूठ रिकामीच धरली जाते आणि तिचं व्याज दरवर्षी भरावं लागतं.

हे व्याज आता नियमांतही दिसतं. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांना सूक्ष्म व लघु उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडायला लावली. रेपो सगळ्यांना एकच. फरक पडतो तो त्यावर लावल्या जाणाऱ्या स्प्रेडमध्ये, आणि स्प्रेडचा एक भाग कर्जदाराच्या जोखमीचा असतो. तो भाग कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला तरच बदलता येतो. मूल्यांकन कशावरून होतं? तीन वर्षांचे ताळेबंद, नफा-तोटा, परतफेडीचा इतिहास आणि मालकाने सांगितलेले आकडे प्रत्यक्षात किती खरे ठरले यांवरून. एक कोटीच्या कर्जावर एक टक्का कमी पडला तर वर्षाला एक लाख वाचतात, आणि ही बचत एकदाच नाही तर दरवर्षी होते. शिवाय हंगाम तोंडावर असताना मर्यादा वाढवून हवी असेल, तर फाइल किती दिवसांत हलते हेही याच विश्वासावर अवलंबून असतं.

मोठ्या कंपन्यांत हे गणित आणखी उघड आहे. कर्ज देताना बँकेला स्वतःचं भांडवल बाजूला ठेवावं लागतं आणि ते किती, हे कर्जदाराच्या पतमानांकनावर ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या बासल-3 नियमांत एएए मानांकनाच्या कंपनीचं कर्ज 20 टक्के वजनाने धरतात, एए 30 टक्के, ए 50 टक्के, बीबीबी 100 टक्के आणि त्याखालचं 150 टक्के. किमान 9 टक्के भांडवलाचा नियम लावला, तर एएए कंपनीला दिलेल्या 100 रुपयांमागे बँकेचे 1 रुपया 80 पैसे गुंततात. बीबी कंपनीला दिले तर साडेतेरा रुपये. हा जादा भांडवलाचा भार शेवटी कर्जदाराच्याच व्याजात येतो.

संशोधकांनी काय तपासलं

सावध हिशेबाची परंपरा शतकानुशतकांची आहे, पण ती मोजण्याची चांगली रीत सुदीप्त बसू यांनी 1997 मध्ये दिली. त्यांनी अमेरिकी कंपन्यांचे शेअरचे भाव आणि जाहीर नफा शेजारी ठेवून पाहिले. शेअरबाजार चांगली-वाईट दोन्ही बातमी लगेच पकडतो. नफ्याच्या आकड्यात मात्र वाईट बातमी चांगल्या बातमीपेक्षा दोन ते सहा पट तीव्रतेने उमटते, असं त्यांना आढळलं. हिशेबाचा हा एकांगी कल किती, यावरून कंपनी किती सावध आहे ते मोजता येऊ लागलं.

मग पुढचा प्रश्न आला: अशा कंपन्यांना कर्ज स्वस्त मिळतं का? अन्वर अहमद आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं की ज्या कंपन्यांत भागधारकांना लाभांश हवा आणि कर्जदात्यांना सुरक्षितता हवी असा ताण जास्त असतो, त्या कंपन्या जास्त सावध हिशेब लिहितात आणि सावध हिशेबाची सांगड कर्जाच्या कमी खर्चाशी बसते. कारण उघड आहे. फुगवलेला नफा लाभांश म्हणून वाटला गेला तर पैसा परत येत नाही; सावध हिशेबात तो नफा दिसतच नाही, म्हणून वाटलाही जात नाही.

जिएयिंग झांग यांनी 2008 मध्ये व्यवहाराच्या दोन्ही बाजू तपासल्या. धक्का बसल्यावर सावध कंपन्यांकडून कर्जकराराच्या अटी लवकर मोडल्या जातात, कारण त्यांचे आकडे लवकर खाली येतात. त्यामुळे बँकेला वेळेत हात घालता येतो. त्याच्या बदल्यात अशा कंपन्यांना सुरुवातीलाच कमी दराने कर्ज दिलं जातं. म्हणजे सावधपणा हा एक सौदा आहे: संकटात लवकर जाब द्यायची तयारी ठेवायची आणि त्यापोटी आज स्वस्त पैसा घ्यायचा.

भागभांडवलाच्या बाबतीत चित्र इतकं स्वच्छ नाही. जेनिफर फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांना 2004 मध्ये सावधपणा आणि भागभांडवलाचा खर्च यांच्यात ठळक नातं सापडलं नाही. 2011 मध्ये गार्सिया लारा, गार्सिया ओस्मा आणि पेनाल्वा यांना मात्र वाईट बातमी वेळेवर सांगणाऱ्या कंपन्यांचा भांडवली खर्च कमी आढळला. भागधारक चढत्या नफ्याचाही धनी असतो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंची बातमी हवी असते. कर्ज देणाऱ्याला एकाच बाजूची हवी असते. या फरकामुळे सावध हिशेबाचा लाभ कर्जात जास्त स्पष्ट दिसतो, आणि लहान उद्योगाचा तर बाहेरचा सगळा पैसा कर्जाचाच असतो.

कमी नफा दाखवणं म्हणजे सावधपणा नव्हे

इथे एक गैरसमज दूर करायलाच हवा, कारण कोकणातल्या धंद्यांत तो खोल रुजलेला आहे. कर वाचवण्यासाठी विक्री कमी दाखवायची, काही व्यवहार रोखीत आणि वहीबाहेर ठेवायचे, नफा दाबायचा आणि याला सावध हिशेब म्हणायचं. सावधपणा अंदाज करताना लागतो: माल किती किमतीचा, येणी किती वसूल होतील, यंत्र किती वर्षं चालेल. झालेली विक्री न लिहिणं हा अंदाज नाही, ती लपवाछपवी आहे.

तिचा भुर्दंडही कर्ज मागताना बसतो. कर वाचवण्यासाठी दोन लाखांचा नफा दाखवणारा कारखानदार चाळीस लाखांचं कर्ज मागायला जातो, तेव्हा त्याच्याच आकड्यांनुसार तो हप्ते भरू शकत नाही. मग बँकेसाठी वेगळं, फुगवलेलं अंदाजपत्रक बनतं. जीएसटीची विवरणं, बँकेचा उतारा, आयकराचं विवरण आणि महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट एकमेकांशी जुळत नाहीत. आज बँक हे सगळं शेजारी ठेवून बघते आणि न जुळणारा प्रत्येक आकडा जोखमीत जमा करते. ठोकळ टक्क्याने उत्पन्न धरण्याची आयकराची सवलत छोट्या व्यावसायिकाचा हिशेबाचा त्रास वाचवते, पण ती घेणारा पुष्कळदा ताळेबंदच ठेवत नाही आणि मग बँकेला दाखवायला त्याच्याकडे काही राहत नाही.

आयकर खात्याची आणि बँकेची गरजही वेगवेगळी आहे. उत्पन्न मोजण्याची जी मानकं आयकरासाठी 2016-17 या वर्षापासून लागू झाली, त्यांत सावधगिरीचं तत्त्व जाणूनबुजून वगळलं आहे. केवळ अपेक्षित असलेला तोटा, दुसऱ्या मानकात मुभा नसेल तर, करासाठी धरता येत नाही. मालाची किंमत कमी लिहिण्याची मुभा आहे, पण पुढे होईल असं वाटणाऱ्या इतर नुकसानीला साधारणपणे नाही. त्यामुळे ताळेबंद सावधपणे लिहायचा आणि करासाठी लागतील ते फेरफार वेगळ्या तक्त्यात दाखवायचे, हा सरळ मार्ग आहे. एकच वही दोघांना फसवायला वापरली, की ती दोघांच्याही उपयोगाची राहत नाही.

बँकेनेच आरसा पाहिला तेव्हा

बँका इतरांकडून सावध हिशेब मागतात, पण त्या स्वतः तो फार उशिरा शिकल्या. 1992 पर्यंत थकलेल्या कर्जावरचं व्याज वसूल झालं नसलं तरी बँका ते उत्पन्नात धरू शकत असत. नरसिंहम समितीने 1991 मध्ये हे थांबवायला सांगितलं आणि रिझर्व्ह बँकेने 1992 मध्ये नवे निकष आणले. कर्ज अनुत्पादक धरण्यासाठीची थकबाकीची मुदत हळूहळू कमी होत मार्च 2004 पासून 90 दिवसांवर आली. तरीही थकलेल्या कर्जाला नवं कर्ज देऊन ते ताजं दाखवण्याची सवय गेली नाही. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जांची बारकाईने पाहणी केली, तेव्हा झाकलेली अनुत्पादक कर्जं भराभर उघडी पडली.

पुण्यात मुख्यालय असलेल्या, 1935 मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रला याचा मोठा तडाखा बसला. जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला त्वरित सुधारणा कारवाईच्या चौकटीत घेतलं. मार्च 2018 मध्ये तिची ढोबळ अनुत्पादक कर्जं सुमारे साडेएकोणीस टक्क्यांवर गेली होती, म्हणजे दिलेल्या दर पाच रुपयांतला जवळजवळ एक रुपया अडकलेला. त्यानंतर बँकेने बुडीत कर्जांसाठी घसघशीत तरतुदी केल्या. 2018-19 मध्ये तिने 4,700 कोटींहून जास्त तोटा दाखवला. त्या तोट्यातला मोठा भाग आधीच्या वर्षांत घडून गेलेला होता. वहीत तो आता आला. निव्वळ अनुत्पादक कर्जांचं प्रमाण सुमारे सव्वाअकरा टक्क्यांवरून एका वर्षात साडेपाचच्या आसपास आलं आणि जानेवारी 2019 मध्ये बँक त्या चौकटीतून बाहेर पडली.

मार्च 2024 मध्ये तिची ढोबळ अनुत्पादक कर्जं दोन टक्क्यांच्या आत आणि निव्वळ 0.20 टक्के होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिने संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून 3,500 कोटींचं भागभांडवल उभं केलं. याचं सगळं श्रेय तरतुदींना देणं चुकीचं ठरेल. सरकारने भांडवल दिलं, वसुली सुधारली आणि बचत व चालू खात्यांतल्या स्वस्त ठेवींचा मोठा साठा बँकेकडे होताच. पण गुंतवणूकदार नवे पैसे देतो तेव्हा त्याला आधी एकच प्रश्न पडतो: अजून काही झाकलेलं आहे का? जिने झाकलेलं आधीच उघडं केलं, तिला या प्रश्नाचं उत्तर द्यायला कमी व्याज लागतं.

नियम कागदावर असून भागत नाही

मानकं चांगली असली म्हणजे हिशेब आपोआप चांगले होतात का? मुंबईच्या आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांच्या वित्त समूहाने 2018 मध्ये याचं उत्तर दिलं. त्या वर्षाच्या ऑगस्टपर्यंत एएए मानांकन मिरवणाऱ्या या समूहावर 90,000 कोटींहून जास्त कर्ज होतं. सप्टेंबरमध्ये हप्ते थकले आणि मानांकन थेट तळाला गेलं. शेकडो उपकंपन्यांच्या जाळ्यात खरी परिस्थिती कुणालाच वेळेवर दिसली नव्हती. त्यानंतर बाजाराने सगळ्याच बिगरबँक वित्त कंपन्यांकडे संशयाने बघायला सुरुवात केली. ज्यांचे हिशेब चोख होते त्यांनाही पैसे महाग मिळू लागले. एकाने वाईट बातमी दाबली की तिचं व्याज शेजारीपाजारीही भरतात. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण अस्तित्वात आलं आणि मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांवर नजर ठेवायला स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली.

वर्षभराने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांनी हेच अनुभवलं. महाराष्ट्रासह गोव्यातही शाखा असलेल्या या बँकेने आपल्या कर्जांचा मोठा वाटा एकाच बांधकाम समूहाला दिला होता आणि तो हजारो खोट्या खात्यांआड लपवला होता. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते.

परदेशातला अनुभवही हेच सांगतो. बॉल, रॉबिन आणि वू यांनी 2003 मध्ये हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड इथल्या कंपन्या तपासल्या. तिथली मानकं ब्रिटिश-अमेरिकी वळणाची, चांगली होती, पण तोटा वेळेवर धरण्याची सवय तेवढी नव्हती, कारण ती धरायला लावणारं काही नव्हतं. आंतरराष्ट्रीय मानकं सक्तीची झाल्यावर 26 देशांत काय घडलं, ते डास्के आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये पाहिलं. लाभ दिसला तो प्रामुख्याने तिथे, जिथे कायद्याची अंमलबजावणी कडक होती आणि कंपन्यांना पारदर्शक राहण्यात स्वतःचं हित दिसत होतं.

खुद्द आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळही सावधगिरीच्या तत्त्वाबद्दल डळमळलं होतं. 2010 मध्ये त्यांनी हिशेबाच्या मूलभूत चौकटीतून सावधगिरी काढून टाकली. हिशेब तटस्थ असावा, तो कुणाच्याच बाजूला झुकू नये, हा विचार त्यामागे होता. 2018 मध्ये ती परत आणली, पण अर्थ नेमका करून: अनिश्चित परिस्थितीत निर्णय घेताना काळजी घ्यावी, मालमत्ता फुगवू नये, तशीच ती मुद्दाम दाबूही नये. भारतात या आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळणारी इंड एएस मानकं एप्रिल 2016 पासून टप्प्याटप्प्याने मोठ्या कंपन्यांना लागू झाली. त्यांत कर्ज थकण्याची वाट न बघता अपेक्षित नुकसान आधीच धरावं लागतं. बँकांना ती अजून लागू नसली, तरी अपेक्षित नुकसानीची पद्धत आणण्यासाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2023 मध्ये चर्चापत्र काढलं.

मालमत्ता मुद्दाम दाबूही नये, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गरजेपेक्षा जास्त तरतूद करणाऱ्याची वही सावध दिसते, पण चांगल्या वर्षी गुपचूप साठवलेली तरतूद वाईट वर्षी सोडून देऊन तो तोटा झाकू शकतो. तेव्हा बँकेला धोक्याची खूण दिसतच नाही. सावधपणाची किंमत मिळते ती सातत्याने आणि उघडपणे पाळला तर. धोरण ठरवायचं, लिहून ठेवायचं, दरवर्षी तेच लावायचं आणि बदललंच तर का बदललं आणि आकड्यात किती फरक पडला ते सांगायचं.

दोडामार्गच्या काजू कारखानदाराला यासाठी मोठ्या कंपनीचे नियम लागत नाहीत. इन्स्टिट्यूटने कंपनी नसलेल्या व्यवसायांचे आकारानुसार गट केले आहेत आणि लहानांना पुष्कळ सूट आहे. पण चार कामं कुणालाही जमण्यासारखी आहेत. मार्चअखेर प्रत्येक थप्पीचा कस तपासून नोंद ठेवायची. भाव पडला असेल तर बँकेने विचारण्याआधी स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो कमी दाखवायचा. जुन्या येण्यांची यादी तारखांसह द्यायची आणि बुडण्यासारखं दिसतं त्याची तरतूद करायची. जीएसटी, आयकर आणि बँक या तिघांना एकच विक्री सांगायची.

यातलं पहिलं वर्ष जड जाईल. उचल कमी होईल, नफा कमी दिसेल. म्हणूनच बँकांनीही आपली बाजू पाळायला हवी. ज्या कर्जदाराने स्वतःहून माल कमी किमतीला लिहिला, त्याची उचल कापताना त्याच्या मूल्यांकनात प्रामाणिकपणाचे गुण वाढवले नाहीत, तर खरं सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला बक्षीस असा उलटा न्याय होतो आणि पुढच्या हंगामात सगळेच मूठ झाकतात. सनदी लेखापालांनी कराच्या आकड्यापुरतं न थांबता कारखानदाराला हा सौदा समजावून सांगायला हवा. सिंधुदुर्गातल्या काजूला चव आहे, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने दिलेल्या जाती आहेत, भौगोलिक मानांकन आहे. इथल्या मालाला बाहेर भाव मिळावा म्हणून आपण जेवढे झटतो, तेवढंच इथल्या वहीला बँकेत भाव मिळावा म्हणूनही झटलं पाहिजे.